गुडघा, सांधे आणि त्यांचा इलाज : चिंताकी परिसरापुरती प्रस्तावना

गुडघा हा शरीरातला सर्वांत मोठा सांधा. वरून मांडीचे हाड, खालून नडगीचे हाड आणि पुढे वाटी, अशी ही तीन हाडांची जुळणी. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. मधे अर्धचंद्रासारख्या दोन गाद्या असतात, आतून आणि बाजूंनी अस्थिबंध सांधा आवळून धरतात. हे सगळे हलवणारे आणि सावरणारे ते मांडीचे स्नायू. सपाट रस्त्याने चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, जिन्यावर त्याहून अधिक. चालण्यापुरता गुडघा साठ-पासष्ट अंशांत वाकला तरी भागते, जिन्याला नव्वदच्या आसपास लागतात. उकिडवे बसायचे तर मात्र १३० अंशांच्या पुढे जावे लागते.

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, चिंताकी होबळीत (होबळी म्हणजे तालुक्याचा एक महसुली भाग), दिवसाचा मोठा भाग या शेवटच्या कोनात जातो. खुरपणीला बाई पात धरते ती उकिडवी बसून, आणि पात संपेपर्यंत उभी न राहता तशीच पुढे सरकत राहते. मुगाच्या, उडदाच्या शेंगा तोडायच्या, चुलीपुढे भाकऱ्या थापायच्या, अंगण सारवायचे, शौचाला बसायचे, पूजेला किंवा नमाजाला बसायचे, रात्री मांडी घालून जेवायचे, हे सगळे जमिनीवर. शहरातल्या माणसाचा गुडघा दिवसभरात फार तर खुर्चीवरून उठण्याइतका वाकतो. इथल्या बाईचा गुडघा चाळिशीच्या आत इतक्या वेळा पुरता दुमडलेला असतो की त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. अशा बसण्यानेच झीज होते असे सरळ विधान करता येणार नाही, पण दीर्घकाळ उकिडवे बसून काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांची तुलना अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या त्याच वयाच्या स्त्रियांशी केली, तेव्हा बीजिंगच्या स्त्रियांत गुडघ्याची झीज अधिक निघाली आणि खुब्याची मात्र फारच कमी. खाली बसणाऱ्या समाजाचा खुबा टिकतो आणि गुडघा जातो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

झिजेचा हा आजार, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, गुडघेदुखीचे सर्वांत मोठे कारण आहे. कूर्चा हळूहळू पातळ होते, तिच्याखालचे हाड कडक होते, कडेने हाडाची टोके वाढतात, सांध्याचे अस्तर मधूनमधून सुजते. बहुतेकांत आतली बाजू आधी झिजते, त्यामुळे पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकतात. वय, वजन, जुनी इजा, घराण्याची ठेवण आणि रजोनिवृत्तीनंतरचे बदल ही त्याची ठळक कारणे. गावात त्याला ‘गादी झिजली’, ‘गॅप कमी झाला’, ‘वंगण सुकलं’ अशी नावे आहेत. ती फार चुकीची नाहीत, पण ‘वंगण’ म्हटले की ते बाहेरून भरता येईल असे वाटू लागते आणि इंजेक्शन विकणाऱ्याचे काम अर्धे होऊन जाते.

ग्रामीण महाराष्ट्रात सांधेदुखीचे प्रमाण किती, याचा चांगला अंदाज पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दिला. १९९६ मध्ये तिथे घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याच्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीची भारतातली ही महत्त्वाची पाहणी, आणि पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा तिच्यामागे होते. सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, प्रमाण दर दोनशे प्रौढांत एकाच्या आसपास निघाले. भिगवण आणि चिंताकी यांत अंतर बरेच आहे, पण शेती, अन्न आणि बसण्या-उठण्याची रीत यांत फारसे नाही.

दुखणारा प्रत्येक गुडघा झिजलेलाच असतो असे नाही, आणि चूक बहुधा इथेच होते. पंचेचाळीस-पन्नाशीनंतर हळूहळू सुरू झालेले, चालल्यावर वाढणारे, बसल्यावर थांबणारे आणि सकाळचा ताठपणा अर्ध्या तासाच्या आत जाणारे दुखणे बहुधा झिजेचे. पण पस्तिशीतल्या बाईची दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सुजत असतील, सकाळी तासभर मूठ मिटत नसेल, अंगात कसकस असेल, तर तो आमवात. त्याला मलम-पट्टीने काही होत नाही. लवकर औषध सुरू केले तर सांधे वाचतात, उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी होतात. आयुर्वेदाच्या परंपरेतही आमवाताला झिजेपासून वेगळे काढले होते. माधवनिदानात त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पायाच्या अंगठ्याचे मूळ रात्रीतून लाल होऊन सुजले आणि चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर युरिक ॲसिडचा वातरक्त आठवावा. एकच सांधा महिनोन्‌महिने सुजलेला, मांडी बारीक होत चाललेली, संध्याकाळी ताप आणि वजनात घट असेल, तर सांध्याच्या क्षयाचा विचार करावा. क्षय फुप्फुसापुरताच असतो हा गैरसमज अजून पुरता गेलेला नाही.

या पट्ट्यात आणखी एक कारण जुन्या लोकांच्या आठवणीत पक्के आहे. २००६ मध्ये कर्नाटकात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) आणि बीदर जिल्हे तिच्यात सापडले, आणि राज्यभरात साडेसात लाखांच्या वर संशयित रुग्ण नोंदले गेले. त्याआधीची भारतातली शेवटची मोठी साथ १९७३ मधली, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची, म्हणजे तीही याच टापूच्या जवळची. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे दुखत राहतात. डॉक्टरला सांगताना ‘चिकुनगुन्यानंतर दुखणं सुरू झालं’ हे एक वाक्य राहून गेले, की तपासाची दिशाच चुकते.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात. शेजारच्या तेलंगणातल्या नलगोंडा भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे तरुणांचे गुडघे आत वळल्याचे वर्णन हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. एखाद्या वाडीत लहान वयातच अनेकांचे पाय वाकडे होत असतील, दातांवर तपकिरी पट्टे असतील, तर हाडाच्या डॉक्टरआधी पाणी तपासावे. भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा.

आता उपचारांकडे. चिंताकीसारख्या गावातून गुडघ्याचा रुग्ण शेवटी मोठ्या शल्यविशारदापर्यंत पोहोचत नाही, असे नाही. तो पोहोचतो, फक्त क्रम उलटा लागतो. जे सर्वांत आधी करायचे, म्हणजे निदान, वजन आणि व्यायाम, ते सर्वांत शेवटी, शस्त्रक्रियेनंतर, कोणीतरी सांगते. आणि मधली आठ-दहा वर्षे तेल, पुडी, डाग आणि इंजेक्शन यांत जातात.

या मधल्या वर्षांतले सगळेच वाईट नसते. निरगुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे किंवा रुईचे पान गरम करून बांधणे, तेलाने हलके चोळणे, याने आराम पडतो आणि बहुधा अपाय होत नाही. बिब्ब्याचे मात्र तसे नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. तापलेल्या सळईने डाग देण्याची रीत अजून टिकून आहे. तिचा एक परिणाम लोकांना ठाऊक नसतो: गुडघ्यावर जखम किंवा चिघळलेला व्रण असेल, तर पुढे कोणताही शहाणा सर्जन तिथे शस्त्रक्रिया करत नाही, कारण जंतुसंसर्ग थेट कृत्रिम सांध्यात उतरतो. हाडवैद्याकडे मुरगळलेला पाय नेणे एक, आणि मोडलेल्या हाडावर त्याच्याकडून घट्ट बांबूची पट्टी बांधून घेणे वेगळे. पट्टीखालची बोटे सुजली, काळी-निळी पडली, बधिर झाली, तर पट्टी तासाभरात सुटली पाहिजे. रात्रभर थांबल्याने हात-पाय कायमचे आखडलेली, प्रसंगी कापावी लागलेली माणसे प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने पाहिली आहेत.

पुडीचे प्रकरण सर्वांत धोक्याचे. बाजारात किंवा फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेल्या ‘आयुर्वेदिक’ पुडीने दोन दिवसांत वर्षानुवर्षांचे दुखणे पळाले, तर पुडीत काय आहे हे विचारायलाच हवे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे पुन्हा पुन्हा आढळले आहे. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून तो चाळिशीतच खचण्यामागेही स्टेरॉइड हे एक नेहमीचे कारण आहे. गावातल्या आरएमपी म्हणवणाऱ्या डॉक्टरकडे मिळणाऱ्या सुईतही वेदनाशामक आणि स्टेरॉइड यांची जोडी असू शकते. वेदनाशामक गोळ्या अधूनमधून, थोडे दिवस, जेवणानंतर चालतील. महिनोन्‌महिने घेतल्या तर जठरात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा, आणि साखर-रक्तदाब असलेल्यांना हा धोका जास्त.

दवाखान्यांच्या वाटांचा नकाशा पाहिला, की इथला इतिहास कळतो. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुकेही बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले, ते तालुके मराठवाड्याकडे आले. रेषा बदलली, माणसांची पायवाट बदलली नाही. उदगीर, देगलूर, लातूर, नांदेडकडे मराठीत बोलून उपचार मिळतात म्हणून लोक जातात. बीदरला तालुक्याची आणि जिल्ह्याची कागदपत्रे चालतात म्हणून. आणि हैदराबादला, कारण ‘मोठा दवाखाना’ म्हटले की आजही तेच शहर आठवते. निझामांच्या न्यासाने पंजागुट्टा इथे १९६० च्या दशकात काढलेले निझाम्स ऑर्थोपेडिक हॉस्पिटल हाडांसाठीच होते. आजची निम्स संस्था त्यातूनच वाढली.

बीदरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ब्रिम्समध्ये, अस्थिरोग विभाग आहे. कलबुर्गीला सरकारी महाविद्यालय जिम्स, ईएसआयसीचे महाविद्यालय आणि १९६३ पासूनचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून तिकडे जाणे सोपे झाले. महाराष्ट्राच्या बाजूला लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थान, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय महाविद्यालय. म्हणजे शस्त्रक्रियेची जागा फार दूर नाही. दूर आहे ती फिजिओथेरपी. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घेणारा माणूस होबळीच्या गावात नसतो, आणि गुडघ्याच्या आजारात नेमके तेच जास्त लागते.

पहिल्या भेटीत काय व्हावे, हे ठाऊक असले की पैसे वाचतात. डॉक्टरने चालायला लावून पाहावे, दोन्ही गुडघ्यांना हात लावून सूज, उष्णता, वाकण्याची मर्यादा तपासावी, खुबाही हलवून पाहावा, कारण खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. मग एक्स-रे, आणि तो उभे राहून काढलेला. आडवे पडून काढलेल्या फिल्ममध्ये हाडांमधली जागा भरपूर दिसते आणि झीज लपते. उभ्या फिल्ममध्ये आतल्या बाजूची काळी फट दोऱ्याइतकी उरलेली किंवा मिटलेली दिसते, फटीच्या दोन्ही कडांना हाड पांढरेशुभ्र झालेले असते, बाजूला चोचीसारखी टोके निघालेली असतात. एवढे दिसले की वयस्क माणसाला बहुधा एमआरआयची गरज नसते. तरुणाला कबड्डीत किंवा कुस्तीत गुडघा पिळवटून ‘खट्’ आवाज आला, लगेच सूज चढली, पुढे पाय लचकायला लागला, तर मात्र एमआरआय हवा; त्यात अस्थिबंध तुटला की नाही ते कळते. आणखी एक गोष्ट: फोटो आणि दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. फोटोत खराब दिसणारा गुडघा घेऊन लोक पंढरीची वारी करतात, आणि बऱ्या दिसणाऱ्या गुडघ्याने काहींना घराबाहेर पडवत नाही. इलाज माणसाचा होतो.

निदान झिजेचे ठरले, की पहिला इलाज व्यायाम. हे वाचून अनेकांची निराशा होते, कारण त्यात औषध नाही आणि फीही फारशी नाही. पण मांडीच्या पुढच्या भागातला चतुःशिर स्नायू बळकट असेल तर तोच गुडघ्याचा भार पेलतो. दुखण्यामुळे पाय वापरला जात नाही, स्नायू वाळतो, भार कूर्चेवर पडतो, दुखणे वाढते. हे चक्र तोडायला दोन व्यायाम पुरेसे आहेत आणि दोन्ही बाजेवर होतात. पाय सरळ पसरून गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवावी. गुडघा खाली दाबून ती गुंडाळी चेपावी, पाच ते दहा अंक मोजावेत, सोडावे. दुसरा: उताणे झोपून एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ ठेवून हातभर वर उचलावा, तितकेच अंक धरावा, सावकाश खाली आणावा. दोन्ही पायांनी, दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा वेळा. पहिले आठ-दहा दिवस थोडे दुखते. बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. सहा-आठ आठवडे टिकले तर फरक जाणवतो, आणि थांबवले की तो जातो. चालणे बंद करण्याचा सल्ला आजही दिला जातो. तो चुकीचा आहे. सपाट रस्त्याने, चांगल्या वहाणेने, विश्रांती घेत चालणे उपयोगी आहे.

वजनाचा हिशेबही डोळ्यांत भरणारा आहे. जाड माणसाने एक किलो वजन घटवले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००५ मध्ये आढळले. काठी दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. ती लाज वाटून न वापरणारे बरेच. खुरपणीला खाली बसण्याऐवजी लांब दांड्याचे हत्यार, चुलीऐवजी ओट्यावर गॅस, देशी संडासावर ठेवायची प्लास्टिकची खुर्ची, या बदलांनी गोळ्या कमी होऊ शकतात. घरातल्या सुनेला हा बदल पटतो, सासूला पटत नाही. तो वाद डॉक्टरने नव्हे, घरानेच सोडवायचा असतो.

इंजेक्शनची जागा याच्या नंतर. सुजलेल्या गुडघ्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन काही आठवडे आराम देते. वर्षातून तीन-चारच्या वर देऊ नये असा संकेत आहे. ‘वंगणाचे’ इंजेक्शन महाग आहे आणि त्याचा फायदा किती हे वादग्रस्त आहे. रक्तातून बनवलेल्या पीआरपीचा काहींना उपयोग होतो, पण कूर्चा पुन्हा उगवते असे सांगणाऱ्याचा दावा मान्य करण्याजोगा नाही. ज्यांचे वय कमी आहे आणि गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली आहे, त्यांच्यात नडगीचे हाड थोडे कापून पायाची रेषा सरळ करण्याची शस्त्रक्रिया करता येते. शेतकऱ्याला ती पुष्कळदा जास्त मानवते, कारण सांधा स्वतःचा राहतो.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव घराघरात पोहोचले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, आणि न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी आले. ते १९७० च्या दशकात आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्या डॉ. जॉन इन्सॉल यांच्या गटातले होते. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ मध्ये हाडांचे रुग्णालय काढले आणि पुढे ‘इंडस’ हा देशी गुडघा बनवला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. किमतीचा प्रश्न सरकारनेही हातात घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी किंमत दीड लाखाच्या वर होती, ती कर वगळून ५४,७२० रुपयांवर आली. मर्यादा सांध्याच्या किमतीवर आहे, रुग्णालयाच्या पूर्ण बिलावर नाही. खोली, ऑपरेशन थिएटर, औषधे, सर्जनची फी वेगळी. म्हणून आधी लेखी अंदाजपत्रक मागावे आणि बिलात सांध्याचे स्टिकर, कंपनी आणि क्रमांक लावलेले असावेत. पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तर सर्जनला तेच हवे असतात.

ही शस्त्रक्रिया केव्हा करावी, याचे उत्तर वय नसून जगणे देते. रात्रीची झोप मोडत असेल, शंभर-दोनशे पावलांवर थांबावे लागत असेल, व्यायाम आणि गोळ्या नेटाने करूनही बरे नसेल, तर ती सुचवावी. नुसता फोटो खराब आहे म्हणून नव्हे, आणि शिबिरात एकाच दिवशी दोन्ही गुडघे बदलण्याची सूट आहे म्हणूनही नव्हे. साखर आटोक्यात, दात आणि लघवीचा जंतुसंसर्ग नाही, पायाच्या भेगा भरलेल्या, कातडीवर डागाची जखम नाही, एवढी तयारी आधी हवी. संसर्गाचा धोका सुमारे शंभरात एकाचा, पण तो झाला तर सांधा काढावा लागू शकतो. बसवलेले सांधे टिकतात चांगले: २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनीही जागेवर होते. ही पाहणी प्रामुख्याने खुर्चीवर बसणाऱ्या देशांतली, हे मात्र ध्यानात असावे.

कारण बदललेला गुडघा बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंतच वाकतो. उकिडवे बसता येत नाही, मांडी घालण्याची मनाई असते. नमाजासाठी, पूजेसाठी खुर्ची लागते. एखादी बाई शस्त्रक्रियेनंतर महिनाभर नातेवाइकांकडे शहरात राहून परत येते आणि घरात ना कमोड, ना उंच बाज. मग काही दिवसांतच ती जुन्याच रीतीने खाली बसते. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी संडासाची व्यवस्था करावी, हे कोणत्याही सर्जनच्या सूचनेइतकेच महत्त्वाचे आहे. चालणे बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन सुरू होते; टाके किंवा पिना दोन आठवड्यांनी निघतात; गुडघा वाकवण्याचे व्यायाम पहिले सहा आठवडे न चुकता करायचे, नाहीतर सांधा ताठ होऊन बसतो आणि सगळा खर्च फुकट जातो. शेतीच्या कामाचे वेळापत्रक पाहून दिवस ठरवलेले बरे: तूर काढून झाल्यावर, वेळ अमावस्येच्या सणाच्या सुमारास, म्हणजे खरिपाच्या पेरणीपर्यंत काही महिने हाती राहतात.

पैशाचा भाग दोन राज्ये आणि केंद्र यांच्यात विभागला आहे. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार, इतरांना खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. आपत्कालीन प्रसंग सोडले तर आधी सरकारी रुग्णालयात जावे लागते आणि तिथे उपचार नसेल तरच पुढे पाठवण्याचे पत्र मिळते. हे पत्र न घेता थेट खासगीत दाखल झालेले लोक नंतर योजनेत बसवून घेण्याची धडपड करतात आणि बहुधा रिकाम्या हाताने परत येतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, त्यासाठी ५४ कोटींची तरतूद सांगितली. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आक्षेप घेतला. गुडघेदुखीवरून दोन राज्यांत वाद होईल असे कोणाच्या मनात आले नसेल, पण तसे झाले. रुग्णाने घोषणेवर विसंबू नये. आपले गाव यादीत आहे का, आणि हवी ती शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्याआधी विचारावे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र आयुष्मान कार्ड जाहीर केले. राज्यागणिक त्याचा अंमल सारखा नाही, तेव्हा तिथेही आधी चौकशी करावी.

क्रम मोडून तत्काळ शहर गाठावे, अशा दोन परिस्थिती आहेत. पहिली: सांधा एकाएकी गरम होऊन सुजला, ताप आहे, पाय हलवणे अशक्य झाले. सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. दोन-चार दिवस थांबले तर कूर्चा कायमची जाते. मूल असेल तर क्षणाचाही उशीर नको. दुसरी: म्हातारे माणूस घसरून पडले आणि पाय आखूड होऊन बाहेर वळला. हा खुब्याचा अस्थिभंग. दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुन्हा उभा राहण्याची शक्यता चांगली. ‘या वयात ऑपरेशन नको’ म्हणून बाजेवर ठेवलेले माणूस पाठीला व्रण आणि छातीत कफ होऊन पुष्कळदा काही महिन्यांत जाते. अशा रुग्णाला हलवताना दोन्ही पाय एकमेकांना चादरीने बांधून, मधे उशी घालून न्यावे, आणि तेल लावण्यात वेळ घालवू नये.

राहता राहिले कागद. जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, आधी घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आणि पुडी घेतली असेल तर ती पुडीसुद्धा, एकाच पिशवीत असाव्यात.  त्यांवरचा मजकूर रुग्णाला वाचता येतोच असे नाही. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिले असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून गोळीच्या पाकिटावर वाराचे नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. गुडघा बदललेल्यांनी सर्जन सांगेल त्या वेळी फेरतपासणीला जाऊन एक्स-रे काढून घ्यावा, आणि पुढे कधीही जखमेतून पाणी आले, गुडघा पुन्हा गरम झाला, तर गावात प्रतिजैविकाची गोळी घेण्याआधी ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडे परत जावे, कारण अर्धवट प्रतिजैविकाने जंतू कोणता आहे ते तपासणीत कळत नाही.